बडोद्याचे अर्क आणि स्तन्यदा माता

सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1907 साली त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी उभारलेल्या अलेंबिक कारखान्यात टिंक्चरे, म्हणजे मद्यार्कात उतरवलेले औषधी अर्क, तयार होऊ लागली. हा इतिहास केवळ उद्योगाचा म्हणून सांगितला जातो, हे थोडे एकांगीच, कारण तो औषधांच्या मात्रेचाही इतिहास आहे. हृदयविकारावरचे डिजिटॅलिसही तेव्हा जगभर टिंक्चररूपाने दिले जाई, परंतु त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रेतील अंतर मुळातच थोडे, त्यात ज्या वनस्पतीच्या पानांपासून ते बनते तिच्या पानागणिक तीव्रता बदले. 1930 साली डिजिटॅलिसमधील डिगॉक्सिन हा शुद्ध घटक वेगळा झाल्यावर मात्रा नेमकी ठरवणे सुकर झाले. मात्रेचा हाच प्रश्न हृदयविकाराचे औषध घेणाऱ्या स्तन्यदा मातेबाबतही येतो: अंगावर पाजणाऱ्या मातेच्या दुधात डिगॉक्सिन अत्यल्प उतरत असल्याने ते सहसा चालते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमिओडॅरोन मात्र शरीरात दीर्घकाळ साठते आणि त्यातील आयोडीन बाळाच्या थायरॉइड ग्रंथीस बाधू शकते, म्हणून ते शक्यतो टाळले जाते.