ओवाळणीचे दिवस



आपल्या भाषेंतील एका साध्या शब्दाकडे मी आरंभींच आपलें लक्ष वेधूं इच्छितों. तो शब्द म्हणजे 'वाढदिवस'. मनुष्य ज्या दिवशीं जन्मला तो त्याचा जन्मदिवस; तो आयुष्यांत एकदांच येतो. पुढें प्रतिवर्षीं येतो तो वाढदिवस. धर्मग्रंथांत या विधीस 'वर्धापन' म्हटलें आहे, आणि त्याचाहि अर्थ वाढ असाच आहे. ही वाढ आपल्या पूर्वजांनीं एकट्या व्यक्तीची मानली नाहीं. तिचा संबंध त्यांनीं ऋतूशीं, पिकाशीं आणि कुटुंबाशीं जोडला. शरद, हेमंत व शिशिर या तीन ऋतूंतील मराठी घरांतले सण पाहिले म्हणजे हें स्पष्ट दिसतें. हा संबंध कसा होता, तो कशामुळें सैल झाला, आणि त्यांत आपलें काय गेलें व काय मिळालें, याचा विचार आज करावयाचा आहे.

आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने. पावसानें अडविलेल्या वाटा या सुमारास मोकळ्या होतात. आज नद्यांवर पूल झाले आहेत व गांवोगांवीं डांबरी सडका पोंचल्या आहेत, म्हणून या मोकळेपणाची किंमत आपणांस चटकन् कळत नाहीं. पूर्वीं कोंकणांतील खाड्या व देशावरील नद्या दुथडी भरून वाहूं लागल्या कीं पांच कोसांवर दिलेली लेकहि माहेराला परदेशी गेल्यासारखी होई. दसऱ्याचें सीमोल्लंघन हें केवळ सैन्याचें नव्हतें. त्यानंतर भाऊ बहिणीकडे निघे, मुराळी लेकीला आणावयास निघे. घरांत नवें भात किंवा नवी बाजरी येऊं लागलेली असे. हातीं धान्य आणि पायांखालीं कोरडी वाट, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कुटुंब एका छपराखालीं जमूं शकतें. आपले कौटुंबिक सण याच दिवसांत दाटीनें कां येतात, याचें एक मोठें कारण येथें सांपडतें.

या मालिकेंतील पहिला दिवस कोजागिरीचा. कोंकणांत हीच नवान्न पौर्णिमा होय; नव्या तांदळाचा भात त्या दिवशीं देवाला दाखवितात. चंद्राला आटीव दुधाचा नैवेद्य दाखविण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच सायंकाळीं अनेक मराठी घरांत आणखी एक विधि होतो. घरांतील थोरल्या अपत्याला पाटावर बसवून, कुंकू लावून ओवाळतात व नवें वस्त्र देतात. यास 'आश्विनी करणें' म्हणतात. पुष्कळ घरीं मुलगा व मुलगी असा भेद येथें करीत नाहींत. प्रथम जन्मास आलें त्याचा हा मान. ज्या अपत्यानें एका बाईस आई केलें व एका पुरुषास बाप केलें, त्याचें हें कौतुक. त्याची जन्मतिथि कोणतीहि असो, ओवाळण्याचा दिवस मात्र गांवांतील सर्व थोरल्या अपत्यांना एकच. एका चंद्राखालीं घरोघरीं निरांजनें लागतात, आणि पन्नाशी उलटलेला गृहस्थहि त्या रात्रीं आपल्या म्हाताऱ्या आईपुढें पाटावर बसतो.

पुढें पंधरवड्याच्या आंत दिवाळी. तिच्या एकेका दिवसाला एकेक नातें वांटून दिलेलें आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, म्हणजे प्रारंभच आई व लेंकरूं या नात्यानें होतो. नरकचतुर्दशीला पहांटे अभ्यंगस्नान. आई उटणें लावते, मुलें कुडकुडत कारीट फोडतात, आणि न्हाऊन येतांच त्यांस ओवाळलें जातें. पाडव्यास पत्नी पतीला ओवाळते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस जांवई सासरीं येतो, तो दिवाळसण. शेवटीं कार्तिक शुद्ध द्वितीयेस भाऊबीज. यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरीं जेवला, अशी तिची कथा आहे. ज्याला सारें जग भितें त्यालाहि बहिणीच्या पाटावर बसावें लागलें, हा त्या कथेंतील गोडवा. जिला भाऊ नाहीं तिनें चंद्राला ओवाळावें अशी रीत आहे. नातें नसलें तरी दिवस रिकामा जाऊं नये, ही त्यामागील योजना.

हेमंतांत मार्गशीर्ष येतो. चंपाषष्ठीला खंडोबाचें षड्रात्र पूर्ण होऊन वांग्याचें भरीत व रोडग्यांचा नैवेद्य होतो. पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा म्हणतात. याच थंडीच्या दिवसांत गोमंतकांतील व वसईकडील ख्रिस्ती घरांतून नाताळ येतो. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि मूळ अर्थानें तो जन्माचाच वाचक आहे. एका बालकाच्या जन्मदिवसाभोंवतीं सारें कुटुंब गोळा होतें, परगांवचीं मुलें घरीं येतात, आणि नेवऱ्या, दोदोल व बिबिंक यांचीं ताटें शेजारच्या हिंदु घरीं जातात. नेवरी ही आपल्या करंजीचीच बहीण. धर्म निराळे झाले तरी नारळाचें सारण व थंडीचा ऋतु सामाईकच राहिला.

पौषांत बहुधा मकरसंक्रांत येते. या वेळेपर्यंत गुऱ्हाळें सुरू झालेलीं असतात, तीळ घरांत आलेला असतो, बोरें पिकलेलीं असतात व हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. लहान मुलाच्या पहिल्या संक्रांतीस, व पुढें कांहीं घरीं पांच वर्षांचें होईपर्यंत, त्याचें बोरन्हाण करतात. काळें झबलें, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरें, उसाचे करवे, घाटे, चुरमुरे यांचा वर्षाव. शेजारचीं पोरें तीं वेंचावयास तुटून पडतात. पाटावर बसलेल्या मुलास त्यांतलें फारसें कांहीं मिळत नाहीं. त्याच्या निमित्तानें आळींतील सगळ्या मुलांस खाऊ मिळतो.

आतां प्रत्यक्ष वाढदिवसाकडे वळूं. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये, ज्यांस बाबा पाध्ये म्हणत, यांनीं शके १७१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १७९० च्या सुमारास, 'धर्मसिंधु' हा ग्रंथ रचला. त्यांत वर्धापनविधि सांगितला आहे. जन्मतिथीस तीळ लावून स्नान करावें. कुलदेवता, जन्मनक्षत्र, मार्कंडेय व अश्वत्थामादि चिरंजीव यांचें पूजन करावें. तीळ व गूळ घातलेलें दूध प्यावें. त्या दिवशीं नखें व केस कापूं नयेत. संक्रांतीस आपण वांटतों तेच तीळ व तोच गूळ येथेंहि आहेत. सण व वाढदिवस यांची सामग्री एक, पाट एक, तबक एक, आणि 'औक्षवंत हो' हा आशीर्वादहि एकच. जुन्या घरांत वाढदिवस हा एखाद्या माणसापुरता आलेला लहानसा सणच होता.

तो तिथीनें येई. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचें. म्हणून तिथि दरवर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरकते व अधिक मास आला कीं पुन्हां पुढें येते. एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरून २३५ चांद्र मास होतात आणि हिशेब बहुतेक जुळतो. म्हणून वयाच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या व सत्तावन्नाव्या वर्षीं आपली तिथि व तारीख एकत्र येतात. बहुधा एखाद्या दिवसाचा फरक पडतो. श्रोत्यांनीं स्वतःचें पंचांग काढून हें अवश्य पाहावें.

या दोन गणनांचा खेळ एका थोर पुरुषाच्या जन्मदिवसांत चांगला दिसतो. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजीं जन्मले. त्या दिवशीं मकरसंक्रांत होती, व तिथि पौष वद्य सप्तमी होती. आज रामकृष्ण मठांत त्यांचा उत्सव तिथीनें होतो. सरकारी राष्ट्रीय युवा दिन १९८५ पासून १२ जानेवारीस होतो. आणि संक्रांत तर सुमारें बहात्तर वर्षांस एक दिवस या वेगानें पुढें सरकत १४-१५ जानेवारीवर येऊन ठेपली आहे. जन्माच्या दिवशीं एकत्र असलेल्या तीन खुणा आतां तीन वाटांनीं चालल्या आहेत.

सामान्य माणसाच्या घरांतहि हेंच घडलें, आणि तें शाळेच्या दाखल्यानें घडलें. मी आयुष्य शाळेंत घालविलें असल्यामुळें ही बाजू मला जवळून ठाऊक आहे. मुलाचें नांव घालावयास आलेल्या आईस जन्मतारीख विचारली तर ती सांगे, 'भाताच्या झोडणीच्या वेळचा', 'कोजागिरीच्या आदल्या रात्रींचा', 'बहिणीच्या लग्नाच्या सालचा'. तिची आठवण पक्की असे. परंतु रजिस्टरांतील रकान्यास झोडणी चालत नाहीं. मग मास्तर अंदाजानें वर्ष धरीत व शाळा जूनमध्यें उघडते म्हणून १ जून ही तारीख मांडीत. महाराष्ट्रांत या रीतीनें एक जूनला जन्मलेले लोक इतके झाले कीं, ३१ मे रोजीं एकेका कचेरींतून अनेक जण एकदम सेवानिवृत्त होण्याचा प्रकार सर्वांच्या ओळखीचा झाला. शरदांत जन्मलेलें मूल कागदावर ग्रीष्मांत जन्मलें, आणि आईच्या आठवणींतील झोडणीची रात्र तिच्याबरोबरच गेली.

तथापि तारखेनें आपलें नुकसानच केलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १९२९ चा शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून अंमलांत आला. त्यानें मुलीच्या विवाहास निदान चौदा वर्षांची मर्यादा घातली. ही मर्यादा पाळली गेली कीं नाहीं हें ठरविण्यास वयाचा पुरावा लागतो. 'दिवाळीच्या सुमाराची' एवढ्यावर कोणतीहि मुलगी कोर्टांत आपलें वय सिद्ध करूं शकली नसती. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणीच्या कायद्यानें ही नोंद साऱ्या देशासाठीं एका चौकटींत बसविली. तारखेचा रकाना कोरडा खरा, परंतु ज्यांचें घरांत कोणी ऐकत नव्हतें त्यांचें वय सांगण्यास तोच उभा राहिला.

येथें एक अवघड प्रश्न विचारणें प्राप्त आहे. मीं आतांपर्यंत सांगितलेल्या दिवसांत थोरलें अपत्य आहे, पति आहे, जांवई आहे, भाऊ आहे, तान्हें मूल आहे. सासुरवाशीण कोठें आहे? पहिल्या संक्रांतीस ती हलव्याच्या दागिन्यांनीं मढते खरी, पण तें कौतुक एका वर्षाचें. पुढें तबक नेहमीं तिच्या हातीं आणि पाट नेहमीं दुसऱ्याचा. लग्नांत तिचें नांव बदले. तिची जन्मतिथि सासरीं कोणी विचारीतहि नसे. विधवेची स्थिति तर याहून कठीण. ओवाळावयाचें तें सवाष्णीनें, या रूढीमुळें पुष्कळ घरांतून आईला स्वतःच्या मुलाच्या वाढदिवशीं दाराआड उभें राहावें लागे. जुन्या घराचें वर्णन करतांना हें दार झांकून ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

या बाबतींत इतिहासानें एक वाट दाखविली आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ मध्यें पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला व १९०० मध्यें तो हिंगण्यास नेला. पुढें या संस्थेच्या कामासाठीं भाऊबिजेच्या निमित्तानें घरोघर जाऊन ओवाळणी गोळा करण्याची प्रथा पडली. जिला कुटुंबांत स्थान उरलें नव्हतें तिनें समाजाला भाऊ मानलें. रूढीनें जो सण तिच्यापासून हिरावला होता, त्याच सणानें तिच्या शिक्षणाची सोय केली. सण मोडावा लागला नाहीं. पाट तेवढा रुंद करावा लागला.

तसाच फरक दळणवळणानेंहि पडला. १८५३ मध्यें बोरीबंदर-ठाणें आगगाडी सुरू झाली, १८८० पासून टपालखात्यामार्फत मनिऑर्डर जाऊं लागली, आणि मुंबईचा चाकरमानी स्वतः येऊं शकला नाहीं तरी बहिणीच्या हातीं त्याची ओवाळणी पडूं लागली. मनिऑर्डरीच्या खालच्या चिठोऱ्यावरील दोन ओळी पुष्कळ बहिणींनीं वर्षानुवर्षें जपून ठेवल्या. आज परदेशीं गेलेला मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो व आई त्या पडद्याला ओवाळते. तिला हंसूं नये. चंद्राला ओवाळणाऱ्या बहिणीचीच ती रीत आहे.

केक व मेणबत्त्या यांविषयीं पुष्कळ वडील मंडळी कुरकुर करतात. मेणबत्त्यांची चाल अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जर्मन घरांतून रुजली व मग सर्वत्र पसरली; तीहि कौटुंबिकच चाल होती. मुलांनीं केक कापला म्हणून संस्कृति बुडत नाहीं. माझी विनंति निराळी आहे. दाखल्यावरील तारखेस काय करावयाचें तें करा. पण घरांतील वडील माणसें आहेत तोंवर त्यांस आपल्या जन्माचा ऋतु विचारून ठेवा. शेतांत काय उभें होतें, कोणता सण जवळ होता, घरीं कोण आलें होतें, हें त्यांच्याकडून लिहून घ्या. तें कोणत्याहि रजिस्टरांत मिळणार नाहीं. आणि येत्या कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत केव्हां तरी, जिनें आजवर सर्वांस ओवाळलें तिची जन्मतिथि शोधून काढा. ती विधवा असो वा सधवा, सून असो वा सासू, तिच्या हातांतील तबक एक दिवस दुसऱ्यानें घ्यावें व तिला पाटावर बसवावें. शास्त्राची आज्ञा यासाठीं शोधीत बसण्याचें कारण नाहीं. वर्धापन म्हणजे वाढ, आणि वाढविणारीलाहि वाढदिवस असतो.