करवतीने काढलेली चित्रं

१९०९ साली अमेरिकेतल्या सेलम गावी पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने बाकीचे खेळ बाजूला ठेवले आणि अख्खा कारखाना जिगसॉ कोडी कापायला जुंपला. कोड्यांचं नाव 'पास्टाइम'. कापायला बसल्या त्या बायका आणि तरुण मुली. करवतीच्या पात्याखाली फळी फिरवणं आणि शिलाई मशीनच्या सुईखाली कापड फिरवणं, दोन्हीत हाताची चाल एकच. एकेकीने दिवसाला चौदाशे तुकडे कापावेत अशी अपेक्षा असे. आठ तासांचा दिवस धरला तर मिनिटाला तीन तुकडे झाले. एवढ्या घाईत, शंभर तुकड्यांमागे दहा-बारा तुकडे या बायका निराळेच कापत: एखादा पक्षी, चहाची किटली, चांदणी, इंग्रजी मुळाक्षर, टोपी घातलेला माणूस. मूळ चित्राशी त्यांचा काही संबंध नसे. चित्र समुद्राचं आणि आभाळात बसणारा तुकडा उंटाचा!

अशा तुकड्यांना आज या छंदातले लोक 'व्हिम्झी' म्हणतात. लाकडी कोडं उघडलं की चित्राच्या आधी नजर व्हिम्झी शोधते, निदान माझी तरी. माझ्या मते जिगसॉ कोड्याला दोन चित्रकार असतात. एक रंगवणारा, दुसरा कापणारा. पहिल्याचं नाव डब्यावर छापलं जातं. दुसरा आपल्याला भेटतो तो फक्त या तुकड्यांतून. त्यामुळे व्हिम्झीची कुळकथा ही खरं तर कापणाऱ्याच्या हाताची कुळकथा आहे.

सुरुवातीला या हाताला काही मुभाच नव्हती. लंडनच्या ड्रुरी लेनजवळ जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणवल्या जाणाऱ्या टॉमस जेफरीजकडे त्याने उमेदवारी केलेली. १७६० च्या दशकात त्याने छापील नकाशे महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून बारीक करवतीने कापले. जग, चार खंड, इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड असे आठ विषय. नकाशा समुद्रासकट घ्या किंवा समुद्राशिवाय स्वस्तात घ्या, अशी सोयही होती. १७६९ मध्ये, तिशीतच तो गेला. पहिलेपणाचा मान बहुतेक पुस्तकं त्यालाच देतात. पण त्याच सुमारास लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम लप्रॅंस द बोमाँ या फ्रेंच बाईही लाकडी नकाशे वापरत होत्या. 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट आज आपल्याला ज्या आटोपशीर रूपात माहीत आहे, ती लिहिणाऱ्या याच. राजघराण्यातल्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांची नकाशांनी भरलेली कपाटं तर आजही जपलेली आहेत. १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीत जेन ऑस्टिनने नायिका फॅनीच्या श्रीमंत मावस बहिणींकडून तिची टिंगल करवली आहे, कारण बिचारीला युरोपचा नकाशा जोडता येत नाही. असा नकाशा जोडता येणं ही तेव्हा घरंदाज शिक्षणाची खूण झाली होती.

या सगळ्या कोड्यांत करवत सीमेच्या मागे मागे जाते. फ्रान्स जिथे संपतो तिथेच पातं वळणार. आपल्याकडे मुलांना जिल्हे शिकवायला महाराष्ट्राचा जो लाकडी नकाशा देतात, ज्यात एकेक जिल्हा उचलून परत जागेवर बसवायचा, तो थेट याच कुळातला. तिथे कापणाऱ्याला स्वतःचं काही म्हणायला जागा नसते.

पुढची शंभरेक वर्षं बायबलमधली दृश्यं, राजांच्या वंशावळी, प्राण्यांची चित्रं असं बरंच काही कापलं गेलं, पण ते मुलांसाठी आणि बहुतेक शिकवण्यासाठी. खरी कलाटणी १९०८ च्या आसपास मिळाली. बॉस्टन आणि आसपासच्या सुखवस्तू घरांतली मोठी माणसं या खेळाच्या नादी लागली. पाचशे तुकड्यांचं कोडं पाच डॉलरला मिळे, आणि सामान्य कामगाराची महिन्याची मिळकत होती पन्नास डॉलर. तेव्हा हा खेळ कोणाच्या दिवाणखान्यात चालत असेल ते उघड आहे.

ती कोडी आजच्या मानाने फार कठीण होती. डब्यावर चित्र नसे, नुसतं नाव, तेही अनेकदा हुलकावणी देणारं. आतले बहुतेक तुकडे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी टेकून राहत. कोणी शिंकलं की संध्याकाळची मेहनत विस्कटलीच. आणि कापणारे रंगांच्या सीमेवरून कापत. तपकिरी छप्पर संपलं, निळं आभाळ सुरू झालं, की नेमकं तिथूनच पातं जाई. त्यामुळे छपराच्या तुकड्यावर निळ्याचा ठिपका नाही आणि आभाळाच्या तुकड्यावर छपराची रेघ नाही. कोणाशेजारी कोण बसतं याचा पुरावाच कापणाऱ्याने पुसून टाकलेला.

आता करवत चित्राच्या सांगण्यावरून चालत नव्हती, चित्राविरुद्ध डाव टाकत होती. ही मोकळीक मिळाल्यावर कापणारा गप्प कसा बसेल? पास्टाइमचे पक्षी-किटल्या याच काळातल्या. त्यात तुकडे एकमेकांत घट्ट अडकतील अशी कापणीही आली. लंडनमध्ये राफाएल टक कंपनीने त्याच सुमारास 'झॅग-झॉ' नावाची कोडी काढली, त्यांतही आकृत्या होत्या. जुन्या मुंबईची रंगीत पोस्टकार्डं जमवणाऱ्यांना हे टक नाव नक्की माहीत असेल. २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात या कंपनीची लंडनमधली इमारत कागदपत्रांसकट जळाली. त्यामुळे झॅग-झॉ कसं कापलं जाई याचा मोठा पुरावा म्हणजे लोकांच्या घरी उरलेले ते तुकडेच.

व्हिम्झी कापताना पाहणं हा फार आनंदाचा भाग आहे. जिगसॉचं पातं दोऱ्याइतकं बारीक असतं आणि जागच्या जागी वरखाली होतं. फिरते ती फळी. कसबी कापणारा सुसरीसारखी आकृती शेपटीपासून सुरू करतो आणि एका दमात पोट, पाय, जबडा करत पुन्हा शेपटीशी येतो. जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात फळी जवळजवळ पात्याभोवतीच गरकन वळवावी लागते. जरा घाई झाली की पातं तुटतं, जरा रेंगाळलं की लाकूड करपतं. पुन्हा लक्ष एकट्या सुसरीकडे देऊन भागत नाही. तिच्या पाठीला टेकणारा शेजारचा तुकडाही उचलता यावा, त्याची मान फार बारीक होऊन मोडू नये, हे त्याच वळणात ठरवायचं. सुसर सगळ्यांना दिसते, पण कापणाऱ्याचं खरं कसब तिच्या भोवतीच्या बिनआकाराच्या तुकड्यांत असतं.

जोडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर व्हिम्झी मदतही करते आणि फसवतेही. सुसरीचा आकार ओळखीचा, म्हणून तिच्यासाठी राहिलेली रिकामी जागाही लगेच ओळखू येते. नवखा माणूस मात्र घोड्याचा तुकडा हातात आला की चित्रातला घोडा शोधू लागतो. चांगला कापणारा हे जाणून घोडा ढगात लपवतो. कधी उलटही करतो: शिकारीच्या चित्रात नेमका सशाच्या अंगावर सशाचाच तुकडा. तो सापडला की समोरच्या न दिसणाऱ्या माणसाने आपल्याकडे पाहून मान डोलवल्यासारखं वाटतं.

मग अमेरिकेत महामंदी आली. पोलादाच्या धारदार पट्ट्या वाकवून लाकडी ठोकळ्यात बसवायच्या आणि त्या साच्याने पुठ्ठा एका दाबात कापायचा, ही पद्धत रुळली. १९३२ च्या सुमारास पंचवीस सेंटला दर आठवड्याला नवं कोडं वृत्तपत्रांच्या स्टॉलवर येऊ लागलं. १९३३ च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला एक कोटी कोडी खपत होती. कामधंदा गेलेल्या माणसाला रोज काहीतरी पुरं केल्याचं समाधान हवं होतं, आणि ते पंचवीस सेंटला मिळत होतं. या पुठ्ठ्याच्या कोड्यांना मी नावं ठेवणार नाही. खेळ गरिबाघरी पोचवला तो त्यांनीच. पण साचा महाग. एकदा बनवला की तोच दहा चित्रांवर वापरायचा, म्हणजे आडव्या-उभ्या रांगांत सारखेच तुकडे. व्हिम्झीला जागा फारच थोडी उरली.

तरी ती तगली, आणि तीही त्याच मंदीमुळे. बेकार झालेले सुतार आणि हौशी कारागीर घरीच करवत लावून कोडी कापू लागले. औषधांच्या दुकानांतून ती रात्रीच्या भाड्याने मिळत. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या तरुणांनाही नोकरीची आशा दिसत नव्हती. १९३२ मध्ये त्यांनी कोडी कापायला घेतली आणि 'पार' नावाने ती जगातल्या सर्वांत महागड्या कोड्यांपैकी करून ठेवली. गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरं, त्याच्या आवडीच्या वस्तू, जन्मतारीख यांच्या व्हिम्झी ते कापून देत. कडा सरळ ठेवतच नसत, त्यामुळे आधी चौकट लावून घेण्याची पळवाट बंद. आणि कोड्यात कुठेतरी त्यांची सही असे, समुद्रघोड्याचा एक तुकडा. डब्यावर मिळाली नव्हती ती जागा कापणाऱ्याने डब्याच्या आत मिळवली.

१९७४ मध्ये व्हरमाँट राज्यात स्टीव्ह रिचर्डसन आणि डेव्ह टिबेट्स यांनी आपली नावं जोडून 'स्टेव्ह' ही कोड्यांची कंपनी सुरू केली. त्यांची सही विदूषकाची. अनेक चुकीच्या जागी व्यवस्थित बसणारे तुकडे हे त्यांचं खास हत्यार. १९८९ च्या एप्रिल फूलला त्यांनी पाच तुकड्यांचं असं कोडं विकलं जे जुळणं शक्यच नव्हतं, आणि मग लोकांचे पैसे परत केले.

स्टेव्हच्या सुरुवातीच्या काळातच, १९७८ मध्ये, जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची 'ला व्ही मोद दाम्प्लुआ' ही मोठी कादंबरी आली. कोडं जोडणं हा वरवर एकट्याचा खेळ दिसला तरी तसा नसतो, जोडणाऱ्याची प्रत्येक चाल कापणाऱ्याने आधीच खेळलेली असते, अशी तिची मांडणी आहे. त्यातला सूडाने पेटलेला कारागीर मेल्यानंतरही आपल्या गिऱ्हाइकाशी तुकड्यांतून झुंजत राहतो. हाताने कापलेलं कोडं ज्याने एकदा जोडलं आहे त्याला ही अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता लेझर आलं. इंग्लंडमध्ये वेंटवर्थ १९९४ पासून आणि कोलोरॅडोत लिबर्टी २००५ पासून, या दोन कंपन्या लाकडी कोडी लेझरने कापतात, भरपूर व्हिम्झींसकट. अशा कोड्याचा डबा उघडला की जळक्या लाकडाचा मंद वास येतो, कडा गडद तपकिरी असतात, तुकडा बोटाने दाबला की बारीकसा 'टक' करून बसतो. आमच्याकडे एक कोडं दिवाळीच्या सुट्टीत टेबलावर पसरलं होतं. आईने चित्राकडे पाहिलंच नाही. गव्हातले खडे वेचावेत तशा तिने आधी सगळ्या आकृत्या वेगळ्या काढल्या आणि ओळीने मांडल्या: छत्री, बाहुली, मासा, सायकल. "अगं, हा मासा उपडा आहे," ती म्हणाली, आणि खरंच, मागची बाजू वर करून कितीतरी वेळ मी तो बसवू पाहत होते. छत्रीच्या दांड्याच्या बाकात एक इवलासा तुकडा अडकतो हे तिनेच शोधलं. तो बसला तसं ती परत छत्रीवरून बोट फिरवत राहिली. लेझर कापतं, पण ती छत्री कोणीतरी आधी पडद्यावर रेघ ओढून काढलेली असते आणि दांड्याच्या बाकात काय बसवावं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. हात फक्त करवतीवरून तिथे सरकला, असं मला वाटतं.

हे लेझरचं मशीन आता आपल्याकडे गावोगाव आहे. एमडीएफची मखरं, दारावरच्या पाट्या, कंदिलांच्या जाळ्या त्यावरच कापतात. मला मनापासून वाटतं की त्यांतल्या कोणीतरी पंढरीच्या वाटेवरच्या एखाद्या चांगल्या चित्राचं कोडं करावं आणि व्हिम्झी आपल्या ठेवाव्यात: चिपळी, भोवरा, पणती, तुळशीवृंदावन, पगडी. नथीचा मोह सगळ्यांना पडेल, पण तिचा आकडा बारीक, दोनदा लावला-काढला की मोडणार. फळीच्या जाडीपेक्षा बारीक मान कुठेही ठेवू नये. मोदक मात्र उत्तम. बुड रुंद, शेंडी आखूड आणि कळ्यांच्या चुण्यांत शेजारचे चार तुकडे सहज अडकतील.