काळ्या पोशाखाची पन्नाशी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदीच्या मुखाशी, व्हिटबी नावाचे जुने बंदर आहे. कड्यावर मठाचे भग्नावशेष, शेजारी सेंट मेरीचे चर्च आणि तिकडे चढत जाणाऱ्या १९९ पायऱ्या. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतला उमराव कुत्र्याच्या रूपात इंग्लंडच्या भूमीवर उतरतो तो इथेच. १९९४ साली या गावात काळे कपडे घातलेली काही तरुण मंडळी जमली. पत्रमैत्रीतून ओळख झालेली ही माणसे स्वतःला ‘गॉथ’ म्हणवत. त्या भेटीतून नियमित मेळावा सुरू झाला. तेव्हा विशी-तिशीत असलेले लोक आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्यांच्यातले अनेकजण अजूनही काळे कपडे घालून त्या पायऱ्या चढतात. गुडघे मात्र आता तक्रार करत असणार.

मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला, कुठल्याही विद्यापीठाशी संबंध नसलेला वाचक-अभ्यासक. पोशाखाचा इतिहास हा माझा जुना नाद. या विषयाकडे मी वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे : तारुण्यात बंड म्हणून स्वीकारलेला वेश माणूस उतारवयात कसा घालतो? आपल्याकडे याचे उत्तर तयार असते. ‘वयाला शोभेल असे वागा.’ गद्धेपंचविशी सरली की ते सगळे ट्रंकेत ठेवायचे. गॉथ मंडळींनी ते ट्रंकेत ठेवले नाही, पण होते तसेही ठेवले नाही.

आधी या वेशाचा जन्म पाहू. १९७६-७७चा पंक संगीताचा जोर ओसरत असताना त्यातूनच अधिक संथ, उदास, नाट्यमय संगीत करणारे गट पुढे आले. नॉर्दॅम्प्टनच्या ‘बाउहाउस’ या गटाची नऊ मिनिटांहून लांब अशी पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ साली निघाली. ‘सूझी अँड द बॅन्शीज’ या गटाच्या गायिकेचे काळेभोर उभे केस आणि डोळ्यांभोवतीची गडद रेखा असंख्य मुलींनी उचलली. जुलै १९८२मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला आणि या मंडळींना हक्काचा अड्डा मिळाला. उलटे विंचरून फुगवलेले केस, पांढराफटक चेहरा, जाळीदार मोजे, टोकदार बूट, मखमल, लेस आणि चांदीचे दागिने असा हा वेश होता.

त्या काळातल्या अभ्यासकांनी अशा वेशांकडे तरुणांचा विषय म्हणूनच पाहिले. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संस्कृती-अभ्यास केंद्राने सत्तरच्या दशकात कामगारवर्गातल्या तरुणांच्या उपसंस्कृतींवर मोलाचे काम केले. त्याच परंपरेतले डिक हेब्डिज यांचे वेशशैलीच्या अर्थावरचे प्रसिद्ध पुस्तक १९७९चे. या लेखनात तरुण बंड करतो, बाजार ते बंड विकायला काढतो, आणि गोष्ट बहुधा तिथेच संपते. तो तरुण पुढे चाळीस वर्षांचा होतो, त्याला मुले होतात, केस गळतात, हा भाग त्यात जवळजवळ नाहीच.

आणि मौज अशी की गॉथ वेशाची सामग्री मुळात तरुणांची नव्हतीच. तिचा बराच भाग व्हिक्टोरियन काळातल्या प्रौढ स्त्रियांच्या सुतकी पोशाखातून आलेला आहे. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट वारले आणि राणीने काळी वस्त्रे धारण केली, ती १९०१ साली तिच्या मृत्यूपर्यंत. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तर १८४१पासून केवळ सुतकी कपड्यांचे मोठे दुकान होते. कोर्टोल्ड घराण्याने काळ्या क्रेप कापडावर अमाप पैसा मिळवला. दागिने चालत ते जेटचे. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे खडकात दबून झालेले काळे, हलके रूप. त्याचे उत्तम खडे मिळत व्हिटबीच्याच कड्यांत. अल्बर्टनंतरच्या दशकांत या गावातले शेकडो कारागीर जेट घासून पोट भरत होते. गॉथ मंडळी व्हिटबीला आली ती ड्रॅक्युलाच्या ओढीने, पण ज्या काळ्या रंगाशी त्यांचे नाते होते, त्याचा एक कारखाना त्या गावात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला होता.

या सुतकाला पायऱ्या होत्या. विधवेने पहिले वर्ष आणि वर एक दिवस क्रेपचे निस्तेज काळे नेसायचे. मग क्रेप कमी होई, पुढे चमकदार काळे रेशीम चाले, आणि शेवटी ‘अर्धे सुतक’ येई. त्यात राखाडी, फिकट जांभळा असे रंग वापरण्याची मुभा असे. सगळे मिळून दोन-अडीच वर्षे. आपल्याकडे मकरसंक्रांतीची काळी चंद्रकळा कौतुकाची, एरवी काळे अशुभ, आणि जुन्या काळी ब्राह्मण विधवेच्या वाट्याला आले ते लाल आलवण. रंग कोणताही असो, तो दुसऱ्यांनी ठरवून बाईवर लादलेला होता. गॉथ मुलामुलींनी हाच लादलेला काळा रंग शंभर वर्षांनी आपणहून उचलला. कुणी मेलेले नसताना सुतकी कपडे घालणे हेच त्यांचे बंड.

वाढत्या वयात या बंडाचे काय झाले, याचा नीट अभ्यास पॉल हॉडकिन्सन या समाजशास्त्रज्ञाने केला. तो स्वतः या मंडळींतलाच. गॉथ समूहावरचे त्याचे पुस्तक २००२चे आणि वय वाढलेल्या गॉथांवरचा लेख २०११चा. या लोकांनी वेश पूर्ण टाकला नाही, सौम्य केला, असे त्याला आढळले. नोकरी आली, मुले आली, पुरुषांचे केस विरळ झाले, वजन वाढले. शिवाय तरुण दिसण्याची धडपड करतो आहे असे कुणाला वाटू नये, हाही संकोच होता. आणि हे सगळे एकट्यादुकट्याचे झाले नाही. मित्रमंडळ एकत्रच म्हातारे होत होते, त्यामुळे मेळाव्यांचीही रीत बदलली. रात्रभर जागण्याऐवजी वेळेवर झोप, आणि सोबत लहान मुले.

प्रत्यक्ष बदल कपड्यात शोधले तर त्यामागचे तर्क कळतात. पांढरी पावडर सुरकुत्यांत साचते, म्हणून ती जाते आणि डोळ्यांची रेघ उरते. केस फुगवण्याइतके उरत नाहीत, म्हणून ते आखूड कापले जातात किंवा पांढरे तसेच ठेवले जातात. फाटक्या जाळीच्या जागी नीट शिवलेला काळा कोट, मखमली जाकीट, एखादाच जेटचा किंवा चांदीचा दागिना. टोकदार बूट जाऊन जाड तळव्याचे, पायाला सुख देणारे बूट येतात. काळ्याच्या जोडीला राखाडी आणि जांभळा येतो. इथे मला अर्ध्या सुतकाची ती पायरी आठवते. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही : प्रौढ गॉथ ज्या कपड्यांकडे वळला, ते या शैलीच्या आजीच्या कपाटात आधीपासूनच होते. त्यामुळे त्याला वेश सोडावा लागला नाही.

यात नुसती हौस आहे असे कुणाला वाटेल. ऑगस्ट २००७मध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावी एका उद्यानात काही मुलांनी एका गॉथ जोडप्याला बेदम मारले. त्यातली वीस वर्षांची तरुणी तेरा दिवसांनी मरण पावली. ती दोघे वेगळी दिसतात एवढ्याच कारणाने हल्ला झाला, असे न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना नमूद केले. तिच्या आईने मुलीच्या नावाने संस्था काढून शाळाशाळांतून काम सुरू केले. २०१३मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा समूहांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. त्या तरुणीला तिशी, चाळिशी पाहताच आली नाही. म्हणून पन्नाशीच्या बाईने काळी मखमल घालून बाजारात जाण्याला त्या देशात थोडा वेगळा अर्थ आहे. ‘हे वय वाढूनही टिकते’ हे तिच्याकडे पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला दिसते.

सगळ्यांनी वेश सौम्य केला असेही नाही. ‘द क्युअर’ या गटाचा रॉबर्ट स्मिथ हा १९५९चा. २०२४मध्ये, सोळा वर्षांनी, गटाचा नवा अल्बम आला तेव्हाही त्याचे केस तसेच विस्कटलेले होते आणि ओठांना लाली होती. केस मात्र पांढरे झाले होते, आणि ते त्याने लपवले नव्हते. कचेरीत जाणाऱ्याने कोट निवडला, रंगमंचावरच्या माणसाने केस राखले. दोघांनीही आपल्या वयाशी बोलून मगच ठरवले.

‘वयाला शोभेल असे’ हा शब्दप्रयोग मी आता जपून वापरतो. शोभण्याचा निवाडा नेहमी बाहेरचेच करतात, असे मी आजवर धरून चाललो होतो. व्हिटबीच्या त्या पायऱ्यांवरची माणसे तो निवाडा आपापल्या आरशासमोर करतात, आणि मग हळूहळू, धापा टाकत, वर चढतात.