जुनी जीप आणि नवे ब्रेक : एका फेरफाराचा इतिहास

यांत्रिक वाहनांचा इतिहास सांगताना त्यांच्या गतीचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. एंजिनाची अश्वशक्ती, ताशी वेग, चढण चढण्याची क्षमता यांची नोंद आपण आवर्जून करतो. परंतु ते वाहन थांबत कसे होते, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. वस्तुतः वाहन किती वेगाने चालवता येईल हे अखेर ते किती विश्वासाने थांबवता येईल यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात चारही चाकांनी चालणाऱ्या जुन्या जिपेस नवे डिस्क ब्रेक बसविण्याच्या प्रघाताचा विचार करावयाचा आहे. विषय कारखान्यातील दिसला तरी त्यात इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न दडलेला आहे : एखाद्या व्यवस्थेतील एकच घटक बदलता येतो काय, आणि बदलल्यावर ती वस्तू कोणत्या काळाची मानावयाची?

१

प्रारंभी या दोन्ही प्रकारच्या ब्रेकांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइम ते फोर्त्सहाइम असा प्रवास केला. वाटेत लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याच्या कल्पनेचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. १८९७ पासून इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने घर्षण सहन करणाऱ्या अस्तरांचे प्रयोग पद्धतशीरपणे आरंभिले. आपल्या मिस्त्रींच्या तोंडी असलेला ‘लायनर’ तो हाच.

१९०२ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रमच्या आत शू फाकवून चाक थांबविण्याची रचना पुढे आणली. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. म्हणजे ज्यास आपण ‘जुना’ व ‘नवा’ ब्रेक म्हणतो ते दोन्ही समवयस्क आहेत. लँचेस्टरची कल्पना मागे पडली, कारण तिला साजेसे घर्षणद्रव्य तेव्हा नव्हते. धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई आणि रस्त्यांवरील धुळीने उघडे भाग लवकर झिजत. ड्रम बंदिस्त असल्यामुळे त्या काळच्या रस्त्यांस तोच मानवला. कल्पना चूक नव्हती. तिच्या भोवतीची व्यवस्था अजून तयार व्हावयाची होती.

ती व्यवस्था पुढे टप्प्याटप्प्याने घडली. पायाचा दाब सळ्या व तारा यांऐवजी तेलाच्या नळ्यांतून चाकांपर्यंत नेण्याची पद्धत माल्कम लॉकहीड याने विकसित केली, आणि १९२१ च्या ड्यूझनबर्ग मोटारीत ती चारही चाकांना लागू झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाकांवर चकत्या आल्या. १९५३ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळविला, तेव्हा चकतीची योग्यता जगासमोर सिद्ध झाली. १९५५ मध्ये सित्रोएनची डी. एस. मोटार पुढील चाकांना चकत्या घेऊनच बाजारात आली.

२

जीप मात्र यापूर्वीची आहे. विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक युद्धजिपा बनविल्या. तिच्या चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे, नऊ इंच व्यासाचे ड्रमब्रेक होते. हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागून निघणाऱ्या दांड्यावर होता. मुख्य सिलिंडर (मास्टर सिलिंडर) पायाखालच्या फळीच्याही खाली बसविलेला असे. दोन चाकांच्या आसांतील अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. या तपशिलांचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलिस जिपांची जुळणी सुरू केली, आणि त्याच धर्तीच्या गाड्या आपल्याकडे पुढे कित्येक दशके बनत राहिल्या. सरकारी खाती, पाटबंधाऱ्यांची कामे, जंगलखाते, साखर कारखाने या सर्वांच्या सेवेत ही जीप राहिली. पश्चिम महाराष्ट्रात तर लांब बांधणीच्या जिपांतून ‘वडाप’ नावाची एक स्वतंत्र प्रवासी-व्यवस्थाच उभी राहिली. चार सैनिकांसाठी आखलेल्या ब्रेकांच्या वंशजांवर डझनभर उतारूंचा भार पडू लागला, तोही घाटांत.

हा भार किती, याचा ठोकळ हिशेब करून पाहावा. १,५०० किलो वजनाची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात सुमारे दोन लाख आठ हजार जूल इतकी गतिज ऊर्जा असते. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना उंची पाचशे मीटरहून अधिक कमी होते. केवळ ५०० मीटर धरले, तरी मुक्त होणारी ऊर्जा सुमारे साडेत्र्याहत्तर लाख जूल भरते; म्हणजे ताशी साठच्या वेगातून पस्तीस वेळा पूर्णपणे थांबण्याइतकी. यातील काही वाटा हवा, टायर व एंजिन उचलतात. उरलेली सर्व उष्णता ब्रेकांना सोसावी लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक या हिशेबातूनच आलेला आहे.

तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, पेडल अधिक खाली जाते, लायनरचे घर्षणही मंदावते. नदी-ओढा ओलांडताना आत शिरलेले पाणी बंदिस्त ड्रममधून लवकर निघत नाही. उलट चकती उघडी असल्यामुळे हवेने निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झाली तरी पॅडांच्या दिशेनेच जाड होते. म्हणूनच १९७० च्या रेंज रोव्हरला चारही चाकांवर चकत्या आल्या. आपल्याकडील महिंद्र थार २०१० मध्ये आली, ती पुढे चकत्या व मागे ड्रम अशी रचना घेऊन. तेव्हा जुन्या जिपेच्या मालकास चकत्यांचा मोह पडला तर त्यात नवल नाही. बोलेरोसारख्या नव्या गाड्यांचे सुटे भाग सहज उपलब्ध असल्याने हा फेरफार आवाक्यातीलही वाटतो.

३

येथे प्रस्तुत लेखकाचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वडिलांनी मागे ठेवलेल्या जिपेस पुढील दोन चाकांवर एका गॅरेजमध्ये चकत्या बसवून घेतल्या. पहिल्याच प्रवासात दोन गोष्टी घडल्या. पेडल दगडासारखे जड लागू लागले. आणि घाट चढताना, म्हणजे ब्रेकला पाय न लावताही, पुढील चाके हात लावू न देण्याइतकी तापली. चढावर एका वळणाशी गाडी थांबली ती ब्रेक दाबून नव्हे, तर ब्रेक सुटेनात म्हणून. उतारावर हेच घडते व तेल उकळते, तर ती थांबलीच नसती. मिस्त्रींचे काम निष्काळजीपणाचे नव्हते. चकत्या सरळ होत्या, बोल्ट घट्ट होते. चूक निराळीच होती : भाग नवे होते, व्यवस्था जुनी होती.

ड्रमब्रेकच्या मुख्य सिलिंडरात एक झडप असते. पाय उचलल्यानंतरही ती नळ्यांत दर चौरस इंचास सुमारे दहा पौंड दाब राखून ठेवते, जेणेकरून चाकावरील सिलिंडरांची रबरे बसलेली राहतात व हवा आत शिरत नाही. शूंना मागे खेचणाऱ्या भक्कम स्प्रिंगा असल्याने हा उरलेला दाब तेथे बाधत नाही. कॅलिपरमध्ये अशा स्प्रिंगा नसतात. रबरी कड्याच्या किंचित पिळाने पिस्टन केसभर मागे येतो, एवढेच. तोच दहा पौंडांचा दाब पॅडांना चकतीवर सतत घासत ठेवतो. ती झडप काढावी, तर मुख्य सिलिंडर कॅलिपरहून खालच्या पातळीवर असल्याने तेल मागे ओघळू शकते. म्हणून सुमारे दोन पौंडांची दुसरी झडप घालावी लागते. फळीखालील सिलिंडराचा तपशील येथे आडवा येतो.

पेडल जड का झाले, याचेही कारण रचनेत आहे. ड्रममध्ये फिरणारा ड्रमच एका शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि चालकाच्या पायास साहाय्य करतो. चकती असे साहाय्य करीत नाही; तिला अधिक दाब हवा, आणि तो पुरविण्यासाठी एंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर हवा. कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने तेलही अधिक लागते, म्हणून मुख्य सिलिंडर त्या मापाचा हवा. तो बदलायचाच असेल, तर पुढील व मागील चाकांचे तेलमार्ग वेगळे ठेवणारा दुहेरी घ्यावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरा मार्ग शाबूत राहतो. अमेरिकेत प्रवासी मोटारींना ही दुहेरी योजना १९६८ पासून सक्तीची झाली; जुनी जीप एकेरी मार्गाची आहे.

मागील चाकांचाही विचार करावा लागतो. ब्रेक लावताच वजन पुढे झुकते व मागील चाके हलकी होतात. ती आधी अडकली तर दोन मीटर अंतराची ही आखूड गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते. याकरिता मागील चाकांकडे जाणारा दाब आवरणारी झडप लागते. मागेही चकत्या बसविल्यास दाब नव्याने जुळवावा लागतो. आणि दांड्यावरील मूळ हातब्रेक या भरात काढून टाकलेला असल्यास गाडी उतारावर उभी करण्याचे साधनच उरत नाही. शिवाय कॅलिपर रिमच्या आत मावतो किंवा नाही हेही आधी पाहावे लागते. जुने ड्रम उघडताना त्यातील धूळ फुंकर किंवा हवेचा झोत मारून कधीच उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते व ते फुप्फुसांस घातक आहे.

४

भाषेच्या अभ्यासकास यात एक ओळखीची गोष्ट दिसते. ‘जीप’ हा शब्द मराठीत आला तो एकटा राहिला नाही. त्याला स्त्रीलिंग मिळाले, ‘जिपा’ हे अनेकवचन मिळाले, ‘जिपे-’ असे सामान्यरूप मिळाले. मराठीच्या व्याकरणाने त्याला सामावून घेतले तेव्हाच तो वापरण्याजोगा झाला. गॅरेजच्या बोलीतही घटकाचा अर्थ व्यवस्थेनेच ठरतो. ‘हवा काढणे’ हा प्रयोग टायरच्या बाबतीत बिघाड दर्शवितो. ब्रेकच्या बाबतीत तोच दुरुस्ती दर्शवितो, कारण तेलाच्या नळीत अडकलेली हवा दाबली जाते आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. फर्दिनां द सोस्यूर याने बुद्धिबळाच्या दृष्टान्ताने हेच सांगितले होते, की एका सोंगटीचे मूल्य इतर सर्व सोंगट्यांच्या स्थानांवरून ठरते. कॅलिपर हा जिपेच्या शरीरातील परकी शब्द होय. त्याला तेथील व्याकरण लागू केले नाही, तर तो वाक्य सुधारीत नाही, बिघडवितो.

आता दुसरा प्रश्न. चकत्या बसविलेली १९६० च्या दशकातील जीप ही कोणत्या काळाची वस्तू? संग्राहकांचा एक पक्ष म्हणतो की मूळ ड्रम काढणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की जी गाडी रस्त्यावर चालते तिने आजच्या रहदारीत थांबलेही पाहिजे. मृत चालकाबरोबर अस्सलपणाही नष्टच होतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. जी जीप संग्रहालयात उभी राहावयाची, तिचे ड्रम हलवू नयेत. जी घाट उतरावयाची, तिच्या बाबतीत माणसाचा जीव हाच अग्रक्रम. फक्त फेरफार लपवू नये. काढलेले ड्रम, शू व सिलिंडर जपून ठेवावेत. कोणत्या वर्षी, कोणत्या गाडीचे, कोणत्या मापाचे भाग घातले, कोठे भोक पाडले, कोठे वेल्डिंग केले, याची वही गाडीबरोबर असावी. हस्तलिखिताचा संपादक पाठभेद नोंदवितो, त्याच शिस्तीने. पुढील मिस्त्रीस ही वही उपयोगी पडेल, आणि पुढील इतिहासकारासही.

कायद्याचेही भान ठेवावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्या मर्यादा काटेकोरपणे लावल्या आहेत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.

आमच्या जिपेचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. त्याच मिस्त्रींनी जुनी झडप काढली, दुहेरी सिलिंडर व बूस्टर घातला, मागील दाब आवरला, आणि सर्व नळ्यांतील हवा काढली. गाडी आता घाट उतरते. चाके कोमट राहतात. वडिलांच्या वेळचे चारही सिलिंडर आणि पुढचे दोन ड्रम तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या चुकीचीही नोंद आहे. ती नोंद खोडण्याचा मोह झाला होता. पण इतिहास शिकविणाऱ्या विभागाच्या पत्रिकेत लिहिणाऱ्याने तो आवरणेच योग्य.