वायूच्या कवचांतील सांधा

वितळलेल्या धातूचा मोठा शत्रु म्हणजे भोंवतालची हवा. ती रसांत शिरली, कीं सांधा सच्छिद्र व ठिसूळ होतो. मॅग्नेशियम तर पेटच घेतें. त्याच धातूचें विमान बांधावयाचें अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप कंपनीनें मनांत धरलें, तेव्हां १९४१ सालीं तेथील रसेल मेरेडिथ यांनीं टंगस्टनच्या कांडीवर विजेची ज्योत पेटवून तिच्याभोंवतीं निष्क्रिय हेलियम वायूचें कवच धरलें. टंगस्टन सुमारें ३,४०० अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळत नाहीं. म्हणून भर घालावयाची ती निराळ्या तारेनें, कारागिराच्या दुसऱ्या हातानें. हेंच ‘टिग’ वेल्डिंग. सांधा निर्मळ, परंतु काम मंद.

जाड पत्र्यांस हा विलंब परवडेना. १९४८ सालीं बॅटेल संस्थेंत तारेवरच ज्योत पेटविण्याची रीत सिद्ध झाली. वायूच्या कवचांत तार अखंड पुढें सरते, वितळते आणि सांधा भरते. हें ‘मिग’. वेग वाढला, मात्र उष्णता व भर एकाच तारेस बांधलीं गेलीं आणि दोहोंवरचा निरनिराळा ताबा कारागिराच्या हातून सुटला.

म्हणूनच आजही पातळ नळीस टिग व लांब, जाड सांध्यास मिग योजितात. उत्तम रीत कोणती, याचा निवाडा अखेर कामच करितें.