बिबट-मानव सहजीवन (जुन्नर-आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात माणूस आणि बिबट्या एकाच शिवारात राहतात. सरकारी धोरण, नवी उपकरणे आणि माणसाचा स्वभाव एकमेकांना कसे घडवतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे पाणी आले आणि पाण्यामागून ऊस. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळतो, वस्तीलगत कुत्री आणि शेळ्या मिळतात. आता कित्येक पिल्ले उसातच जन्मतात.

हल्ले होऊ लागले तेव्हा ‘पिंजरा लावा, बिबट्या घेऊन जा’ ही मागणी जोर धरू लागली. २००१ नंतर वनविभागाने बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र उलटेच आढळले: १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, स्थलांतर सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. लोकांच्या घाबरेपणाला झटपट उत्तर देण्याच्या नादात धोका वाढला.

धीर धरल्यावर काय साधते, हे ऊसतोडीच्या हंगामात दिसते. कोयता चालवताना सरीत पिल्ले दिसली की तोड थांबते आणि वनविभागाला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लांना तपासतात, शेपटीजवळ त्वचेखाली मायक्रोचिप बसवतात. संध्याकाळी पिल्ले सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि जवळ कॅमेरा लावतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. पण हे घडायचे तर बघ्यांनी तिथून हटावे लागते. फोटोसाठी गर्दी जमली तर मादी फिरकत नाही.

अलीकडे बिबट्या टिपताच भोंगा वाजवणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरेही बसवले गेले आहेत. ते उपयोगी आहेत, पण लोकांनी इशारा मानला तरच.

तरीही सगळा भार लोकांच्या संयमावर टाकणे अन्यायाचे आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्री आली की शेतकऱ्याला मोटर चालू करायला काळोखात बांधावरून जावेच लागते. ऊसतोड मजुरांच्या कोपीला तर दारच नसते आणि त्यांची लहान मुले फडाच्या कडेलाच झोपतात. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, पण ती मदत जीव गेल्यावरची. दिवसा वीज मिळावी, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून त्याच उद्देशाने राबवली जात आहे. ऊसपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांना तिचा लाभ सर्वांत आधी मिळायला हवा, आणि तोडणी मजुरांना दार असलेला निवारा देणे हे साखर कारखान्यांचे काम आहे.