आपले यवतमाळ



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया नि राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात. आपल्या गावाजवळ यांतले फारसे काही नाही. बुरूज दाखवावा तर बुरूज नाही आणि घाट बांधावा अशी मोठी नदीही गावातून वाहत नाही. पाहुणे आले की, "तुमच्या गावात पाहण्यासारखे काय?" असे विचारतात आणि आपण क्षणभर गप्प होतो. त्या पाहुण्यांना काय सांगावे, यासाठी हा लेख लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातील पुस्तके, घरातील वडील माणसांचे बोलणे आणि या गावात केलेला पंचवीस वर्षांचा संसार, एवढेच माझे भांडवल.

प्रथम गावाचे नाव पाहू. "यवत म्हणजे डोंगर आणि त्यांची माळ ते यवतमाळ," असे पुष्कळ लोक सांगतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचौदाशे फूट उंचीवर, उघड्या माळावर वसले आहे, म्हणून हा अर्थ मनाला पटतो. पण जुन्या गॅझेटियरमध्ये वेगळे लिहिले आहे. गावाचे मूळ नाव येवता. मोगलाईत ते परगण्याचे ठाणे होते, म्हणून त्याला 'महाल' जोडले गेले आणि त्याचे पुढे 'माळ' झाले. अकबर बादशहाच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'त या परगण्याचे नाव 'योत-लोहारा' असे आले आहे. यातील लोहारा म्हणजे पश्चिमेला तीन मैलांवर असलेले आपले लोहारेच. ज्या लोहाऱ्याला आपण सहज जाऊन येतो, त्याचे नाव चारशे वर्षांपूर्वी बादशहाच्या दप्तरात होते, हे वाचून मला मोठे नवल वाटले.

महाल म्हणजे सरकारी वसुलीचा विभाग. पुढेही आपले गाव कचेरीच्या निमित्ताने वाढले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६४ साली वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा निराळा जिल्हा झाला. त्याला पुढे वणी जिल्हा म्हणू लागले, परंतु मुख्य कचेरी यवतमाळातच राहिली. १८९४ साली नगरपालिका झाली. १९०१ च्या खानेसुमारीत गावाची वस्ती साडेदहा हजार होती. १९०५ साली वाशीमकडचा पुसद तालुका जोडून या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती एक लाखाच्या वर गेली.

पण कचेरीने गावाला पाटी मिळते, भाकरी मिळत नाही. भाकरी दिली ती भोवतालच्या काळ्या जमिनीने आणि तिच्यातल्या कापसाने. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने आपल्या शेतकऱ्याच्या घरी पैसा आला आणि ती लढाई संपताच तो भाव उतरलाही. आपल्या घरातले सुखदुःख दूरच्या बाजारात ठरते, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

१८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. आपल्याला जवळचे स्टेशन धामणगाव, तेही एकोणतीस मैलांवर. तेथवर कापूस बैलगाड्यांनी जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची गाडी आणली. हीच आपली लाडकी शकुंतला. गावात जिन आणि प्रेस उभे राहिले, सरकी निराळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जाऊ लागल्या आणि त्या गाठी मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांत जात. गाडीचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली तयार झालेले होते. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले, मग डिझेलचे आले. माझे माहेर दारव्हा तालुक्यातले. लहानपणी आईबरोबर मी त्या वाफेच्या गाडीत बसले आहे. ती इतकी सावकाश चाले की उतारूंच्या सगळ्या गप्पा होत आणि तरी गाव यायचे असे. आता ती गाडी धावत नाही. रुळांच्या कडेने गवत वाढले आहे.

इंजिनाचा जन्म कोठला नि रुळाची रुंदी किती, हे सर्व पुस्तकांत सापडते. पण त्या गाठींतला कापूस झाडावरून कोणी काढला, हे कोठेच लिहिलेले नाही. तो आपल्या आयाबायांनी काढला. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करायची, दहीभात शिंपडायचा आणि मग कमरेला ओटी बांधून तासाला लागायचे. बोंडाची टोके सुईसारखी असतात. माझ्या आईची बोटे माघ महिन्यापर्यंत चिरलेलीच असत, त्या बोटांनी ती रात्री भाकऱ्या थापी. मोंढ्यात गाडी घेऊन पुरुष जाई, काटा तो पाही, चुकारा त्याच्या हाती पडे. म्हणून हिशेबाच्या वहीत त्याचे नाव आले, वेचणारणीचे आले नाही. ओटीतला कापूस गाडीत पडला की तो कोणाच्या हातचा, ते कोण विचारणार?

स्वातंत्र्याच्या लढ्यातही असेच आहे. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे, पण वकिली त्यांनी यवतमाळात केली, आणि त्यांच्यामुळे आपले गाव साऱ्या देशाला माहीत झाले. वऱ्हाडला समुद्र नाही, तेव्हा मीठ कोठून आणायचे? म्हणून १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदकडे राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवार यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. ही सर्व मोठी माणसे वंदनीय आहेत. मला त्यात एवढेच भरून दिसते की, लढ्यासाठी त्यांनी जे काम निवडले ते विळ्याने गवत कापण्याचे, म्हणजे आपल्या खेड्यांतल्या बायांचे रोजचेच काम होते.

आपले गाव दिसते साधे, पण त्याने पुष्कळांना जागा दिली आहे. देशभरच्या विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे मोठे विद्यालय येथे १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे होते. १९८९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याला पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. नवरात्रात येथील देवी पाहण्यास दुरून माणसे येतात. दत्त चौकात थोडा वेळ उभे राहिले तर वऱ्हाडी, बंजारा, गोंडी, हिंदी आणि मारवाडी अशा पाच बोली कानावर पडतात. कोणाला कोणाची भाषा पुरती येत नाही, पण भाजीचा भाव सर्वांना कळतो.

उणेही सांगितले पाहिजे. उंच माळावरच्या गावाला पाणी टिकत नाही. निळोणा आणि चापडोह ही धरणे आपली तहान भागवतात. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली, तेव्हा टँकरपुढे गुंडांच्या रांगा लावून आपण रात्री जागवल्या, हे या गल्लीत कोणी विसरलेले नाही. आणि दुसरे दुःख त्याहून मोठे. कापसाचा खर्च वाढला, भाव पडला, कर्ज फिटेना, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले. २००६ साली पंतप्रधान स्वतः विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. २०१७ च्या पावसाळ्यात पिकावर औषध फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातली वीसच्या आसपास माणसे दगावली. माणूस जातो, वर्तमानपत्रात एक आकडा वाढतो. मागे राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी चूल पेटवते, मुलांना शाळेत धाडते आणि त्याच शेतात जाते.

अशा एका बाईला आपल्या गावाने एकदा मानाचे आसन दिले. यवतमाळात मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ साली अध्यक्ष गदिमा होते. २०१९ च्या जानेवारीत ब्याण्णवावे संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी अरुणाताई ढेरे होत्या. आधी ज्या लेखिकेला उद्घाटनासाठी बोलावले होते, तिचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि त्यावरून फार वादही झाला. तो झाला हे लपवण्यात अर्थ नाही. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशालीताई येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती आणि त्या शिवणकाम व अंगणवाडीतले काम करून दोन मुले वाढवीत होत्या. मोठमोठे साहित्यिक खाली बसून त्यांचे बोलणे ऐकत होते. दीडशे वर्षे ज्या कापसावर हे गाव जगले, तो वेचणाऱ्या बाईचे नाव त्या दिवशी प्रथमच इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, असे मला वाटते.

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या गल्लीतल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजींकडे दर महिन्याला दोघीदोघींनी जावे. वेचणीची मजुरी किती मिळे, जिनात कोण काम करी, शकुंतलेचे तिकीट किती होते, कोणत्या विहिरीचे पाणी गोड लागे, हे विचारून एका वहीत लिहून ठेवावे. सही येत असेल त्यांची सही घ्यावी, नसेल त्यांचा अंगठा. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ती वही निम्मी भरली, तरी पाहुण्यांना दाखवण्यासारखे आपल्या गावात काहीतरी निश्चित असेल.